रांजणाखालचे किडे

ऐन एप्रिलात पोरीकडचे सुग्रीवचं घर बघायला टेंभुर्णीला येणार होते, आणि त्याच्या आईला, साखराबाईला, घोर लागला होता तो न्हाणीतल्या किड्यांचा. हात लावला की गोळी होऊन पडणारे ते राखाडी किडे रांजणाखालून निघायचे आणि पार चुलीपर्यंत फिरून यायचे. चार दिवस तिनं चुना टाकला, फिनेल ओतलं, खराटा झिजवला. आधीची दोन स्थळं घर बघून गेली ती पुन्हा फिरकली नव्हती. आता हेही गेलं, तर किड्यांपायी लेकाची सोयरीक मोडली म्हणून गावभर होणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

पाहुणे आले, पोहे झाले. पोरीची चुलती हात धुवायला न्हाणीत गेली ती लवकर बाहेर येईना. साखराबाई मागोमाग गेली, तर बाई रांजणाजवळचं पोतं उचलून खाली वाकलेली, आणि पायाशी दहा-वीस किडे.

"कालच समदं झाडून काढल्तं," साखराबाई पुटपुटली. "कितीबी मारा, हटतच न्हाईत."

चुलतीनं पोतं होतं तसं ठेवलं, हात पदराला पुसले आणि ती बैठकीत आपल्या दिरासमोर, पोरीच्या बापासमोर, जाऊन उभी राहिली.



"भावजी, सुपारी फोडून टाका. असल्या उन्हाळ्यात ज्या घरात ओलीचे किडे जगून राह्यले, तिथं आपल्या पोरीला टँकरमागं पळावं लागणार न्हाई."