खिशातली चिठ्ठी

“एक काम धड संपू देत नाहीत, की लगेच दुसरं!” घरातल्या शेजारच्या टेबलाशी बसलेले अप्पा पुटपुटले.

“तुमचं चालू द्या, अप्पा. बोलावणं मला आलंय,” त्यांची मुलगी म्हणाली आणि हेडफोन चढवून ऑफिसच्या मीटिंगमध्ये शिरली. सकाळपासूनची ही चौथी.

मीटिंग संपली तेव्हा आपला कोड कुठवर आला होता, हेच तिला आठवेना.

“चिठ्ठी लिहिली नाहीस ना?” अप्पा म्हणाले. “काम सोडण्याआधी दोन ओळी खरडाव्यात, ठमे. कुठवर आलो, पुढे काय करायचं. डोक्याचा काय भरवसा!”

प्रोग्रॅमिंग तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा तिची एक चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आता काल काय जेवलो हेही त्यांना सांगता येत नव्हतं. सकाळी खुर्चीत बसले की ते खिशातली पिवळी चिठ्ठी वाचत, घडी घालून परत ठेवत आणि कामाला लागत. दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची नाही, हा नियमही त्यांचाच.

काम म्हणजे एका वाचनालयाचा प्रोग्रॅम. परत आलेलं पुस्तक त्यात ‘बाहेर’च दिसायचं. अप्पा दिवसभर खपून ती चूक शोधत, सुधारत. संध्याकाळी ते फिरायला गेले की मुलगी ती चूक होती तिथे परत घालून ठेवी. वाचनालय बंद होऊन सहा वर्षं झाली होती.

“किती दिवस हे नाटक?” दादा फोनवर म्हणाला. “परगावच्या नोकरीला आज उत्तर द्यायचंय ना? अप्पांना मी नेतो माझ्याकडे. सांगून टाक त्यांना.”

ती अप्पांजवळ जाऊन बसली. एकदा, फक्त एकदा, त्यांनी पूर्वीसारखा आपला कान धरावा, असं तिला फार वाटलं.

“अप्पा…”

“सापडली चूक!” अप्पा स्क्रीनकडे बघत म्हणाले.

“वा! एका दिवसात?” ती रोजच्यासारखंच म्हणाली.

अप्पांनी खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

“‘ही चूक मी रोज सुधारतो. ठमी संध्याकाळी परत घालते. बोलू नये. माझ्याजवळ बसायला तिला निमित्त लागतं.’”

त्यांनी चष्मा पुसून परत लावला.

“खाली कालची ओळ आहे. ‘तिला परगावी नोकरी मिळतेय. आता बोलायचं. जा म्हणायचं.’”