चार सेकंदाला एक

बाबांनी बूट काढले, मोजे काढले, मोज्यांची नीट घडी घालून ती खिशात ठेवली आणि स्पीकरच्या दुकानातल्या डेमो रूमच्या मधोमध अनवाणी उभे राहिले.

"काका, सोफा आहे ना," विक्रेता म्हणाला.

"मोठ्यानं बोला," लेकीनं सांगितलं. "छत्तीस वर्षं डब्यांची झाकणं ठोकायच्या प्रेसवर होते. कान त्यांच्या आधी रिटायर झाले."

"काका! सोफा!"

"बसून काय कळणार? लाव तू."

विक्रेत्यानं आठ इंची सबवूफर लावला. पडद्यावर एक जहाज बुडायला लागलं. खोक्यातून घुमारा उठला, काचेचं दार थरथरलं. बाबा फरशीकडे बघत राहिले. मग दहा इंची लावला. तेच जहाज पुन्हा बुडालं.

"बेस कसला टाइट आहे बघा, काका!"

"टाइट नको. पडायला पाहिजे." बाबांनी टाचेनं फरशी चाचपली. "आणि ही माणसं किती वेळा बुडवणारेस? घरी जाऊ दे त्यांना."

लेक सोफ्याच्या कडेवर बसली होती. पाठ टेकली की संपलं, हे तिला ठाऊक होतं. बाबा रिटायर होऊन चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत घरात कोणी सलग झोपलं नव्हतं. घर शांत झालं की बाबा उठायचे. तिच्या खोलीत येऊन दिवा लावायचे, पांघरुणातून तिचे हात बाहेर काढायचे, बघायचे, परत आत ठेवायचे आणि दिवा घालवून जायचे. तासाभरानं पुन्हा हजर. आपण जिवंत आहोत का ते बघत असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. विचारलं तर म्हणायचे, "तू झोप." जणू तीच उठून बसली होती.

ती सिटी बस चालवायची. परवा सिग्नलला तिचा डोळा लागला. सिग्नल तीनदा हिरवा झाला, पण एकाही प्रवाशानं हाक मारली नाही. सगळे ऑफिसला चालले होते, घाई कोणालाच नव्हती. डेपोतल्या साहेबांनी मात्र लेखी विचारलं. आणखी एकदा असं झालं, की स्टेअरिंग सुटणार आणि ती डेपोत पास द्यायच्या खिडकीत बसणार. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बाबांच्या पायांना झोप लागली, बाबांना नाही. शेवटी तीच म्हणाली होती, मशीन घरात येत नसेल तर निदान धडधड आणू.

"काका गाणी कुठली ऐकतात?" विक्रेत्यानं विचारलं.

"नाही ऐकत."

"मग सिनेमे?"

"नाही."

विक्रेता सकाळपासून उभा होता. त्या दुकानात विक्रेत्यांना बसायची मुभा नव्हती. त्यानं समजल्यासारखी मान हलवली. इतक्या थकलेल्या माणसाला काहीही पटतं.

"मग ह्याच्यावर लावायचं काय?"

"धप्," बाबा म्हणाले. बहिरे असले तरी कामाचं तेवढं त्यांना ऐकू यायचं. "चार सेकंदाला एक. नुसतं धप्."

"ताई, तुमच्या खाली कोण राहतं?"

"अजून तरी चांगली माणसं आहेत."

विक्रेत्यानं बारा इंची खोका ओढून आणला. सबवूफर तपासायची एक फाइल दुकानात होती. तिच्यात फक्त ठोका होता. त्यानं तो चार सेकंदांवर बसवला.

धप्.

बाबांनी डोळे मिटले.

धप्.

"भिंतीला लाव. कोपऱ्यात."

त्यानं सरकवला.

धप्.

बाबांचे खांदे इंचभर खाली आले. ते चालत सोफ्यापाशी आले, बसले, साडेनऊ बोटं पोटावर ठेवली (करंगळीचं अर्धं प्रेसकडेच राहिलं होतं) आणि सातव्या ठोक्याला घोरायला लागले.

लेकीनं श्वास रोखून धरला. बाबांची मान वाकडी, तोंड उघडं. इतकं देखणं काही तिनं चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. तिची पाठ आपोआप टेकली. विक्रेत्यानं एकदा त्या दोघांकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं आणि तो आठ इंचीवर हळूच टेकला. ठोका पडत राहिला.

"हाच घेते," ती पुटपुटली. "पॅक करा. नको, आत्ता नको."

विक्रेता भला माणूस होता. कोणी झोपलं की आवाज बंद करावा, हे त्याला त्याच्या आईनं शिकवलं होतं. त्यानं रिमोट उचलला.

"अहो, नको..."

ठोका थांबला.

बाबा ताडकन उभे राहिले. "कोणाचा हात गेला?" ते ओरडले. "मशीन का थांबलं? कोणाचा?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी लेकीचे दोन्ही हात ओढून घेतले, पंजे उलगडले आणि ओठ हलवत एकेका बोटाला हात लावला. मग रोजच्यासारखे ते हात परत तिच्या मांडीवर ठेवून दिले.

ती हातांकडे बघत राहिली.

बाबा विक्रेत्याकडे वळले. तो घाबरून उभा राहिला आणि त्यानं रिमोट पाठीमागे लपवला.

"दाखव."

"काका, काही झालं नाही हो!"

"हात दाखव."

रिमोट खाली पडला. विक्रेत्यानं दोन्ही हात पुढे केले. बाबांनी ते आपल्या हातात घेऊन बोटं मोजली; एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"दहा," ते म्हणाले आणि सोफ्यावर येऊन बसले. "चालू कर."