तीन तोंडांचा फ्लास्क
विद्यापीठाच्या काचकामाच्या खोलीत बाबांनी लेकीसाठी तीन तोंडांचा फ्लास्क नुकताच फुंकून तयार केला होता. एमएस्सीला सेंद्रिय रसायनशास्त्रच घेणार, असं ती बारावीपासून घोकत होती. तापलेली काच लगेच भट्टीत ठेवून सावकाश निववायची, नाहीतर तडकते, हे बाबा झोपेतही विसरले नसते. तेवढ्यात ती धावत आली. “बाबा, मी संगणकीय रसायनशास्त्र घेतलं. नोकऱ्या तिकडेच आहेत. तुम्हीच म्हणायचात ना, पोटापाण्याचं बघ म्हणून?” “त्याला काचसामान काय काय लागेल?” “काहीच नाही हो. सगळं कॉम्प्युटरवर.” बाबांनी चिमट्यातला फ्लास्क टेबलावरच ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “चांगलं केलंस, पोरी. माझी काळजी मिटली.” मागे टक्क आवाज झाला. “कुणाचा होता फ्लास्क?” तिने विचारलं. “लॅबचा,” बाबा म्हणाले. “दुसरा फुंकेन उद्या.” भर दुपारी त्यांनी बर्नर बंद केला.