पैंजणांचे वळ

सासूने आपले चांदीचे पैंजण धाकट्या सुनेला, हेतलला दिले, तेव्हापासून थोरल्या केसरची नजर तिच्या पायांवरच असायची. पुढे हेतलला हेपेटायटिस बी निघाला आणि तिच्या वाटची कामंही केसरवर पडली. एक दिवस मुरुडच्या किनाऱ्यावर जवळा सुकायला पसरताना तिला सावलीत बसलेल्या हेतलचे पाय मोकळे दिसले. तिने तिथेच सासूला सांगितलं, "आय, तुमचे पैंजण हिनं म्हायेरी दिले वाटतं." हेतलने साडीचा काठ वर केला. सुजलेल्या घोट्यांवर पैंजणांचे वळ होते. "रुतत व्हते, काढले. आता पायात जात न्हाईत, वैनी." सासूने दोघींना घेऊन लगेच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी हेतलची लघवी तपासली. "या आजारात किडनीही बिघडू शकते. लवकर आणलंत, सांभाळता येईल. सूज कोणी पाहिली?" सासूने अभिमानाने केसरकडे बोट दाखवलं. घरी आल्यावर हेतलने पैंजण केसरच्या हातात ठेवले. "तुमीच घाला, वैनी. मंग माझ्या पायांकडं बघावं लागणार न्हाय."