साडूंचा फुकटचा सल्ला

चष्मेवाल्याला महिना तीन हजार बसल्या जागी सुटणार होते. कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटचं भाडं बारा, बँकेचा हप्ता नऊ. त्यात भाडेकरू म्हणून मिळाल्या शाळेतल्या एक बाई. मग काय, तीन फ्लॅट बाळगून असलेल्या थोरल्या साडूंकडे जाऊन त्याने आपलं नशीब ऐकवलंच.

"भाऊ, भाडं एक तारखेला हातात! नळ गळला तर वायसरसुद्धा स्वतः बदलतात."

"मग तू घर फुकट दिलंयस," साडू म्हणाले. "दोन हजारांनी वाढव. थोडी कुरकुर करतील, पण एवढ्यासाठी बिऱ्हाड कोण हलवतंय?"

या सल्ल्याबद्दल चष्मेवाल्याने साडूंना सोनेरी काड्यांचा चष्मा करून दिला. पैशांचं नाव काढलं नाही.

बाईंनी कुरकुर केली नाही. महिनाअखेरीस किल्ली आणून दिली. पुढे चार महिने फ्लॅट रिकामा आणि हप्ता मात्र चालू, तेव्हा तो पुन्हा सल्ल्याला निघाला. साडू घरी नव्हते, त्यांच्या दुसऱ्या फ्लॅटवर गेले होते. तो तिकडे गेला. दार बाईंनी उघडलं. हातात पाना होता.

आत साडू चहा पीत बसले होते.

"भाऊ, हे काय?"

"अरे, तूच एवढं कौतुक केलं होतंस. बारा हजारांतच दिलं हो मी. अशा माणसाला वाढवून मागू नये."

असं म्हणून त्याचं तोंड नीट दिसावं म्हणून साडूंनी चष्मा नाकावर वर सरकवला. तोही चष्मेवाल्याच्याच खर्चाचा होता.