पुढची रांग
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकातल्या पीचचा हवाबंद डबा होता. कपाटातल्या डब्यांच्या पुढच्या रांगेला हात लावायचा नाही, हा नोलाचा नियम. तिच्या मुलीनं, रोशेलनं, आज तो मोडला होता. “आई, ही आरास बघत मी वाढले, आता माझ्या लेकीनंही नुसतं बघायचं? कपाट तपासायला येणार कोण, इंग्लंडचा राजा?” वैतागून तिनं डबा उघडला; पाक टेबलावर सांडला. “मी लहान असताना सरकारी गोरी बाई घर तपासायला आली, तेव्हा कपाटात काही नव्हतं,” नोला म्हणाली. “‘आदिवासी आई पोरांना उपाशी ठेवते’ असं लिहून आम्हा बहिणींना गाडीत कोंबून आईपासून कायमचं नेलं. अगं, त्याच सकाळी आईनं होतं नव्हतं ते आम्हालाच खाऊ घातलं होतं.” रोशेलचा आवाज उतरला. “ये, दोघी खाऊ…” नोलानं पिशवी उचलली. “आता भर उन्हात कुठं, आई?” पुढच्या रांगेतल्या रिकाम्या जागेकडे एकदा बघून नोला दुकानाकडे निघाली.