गाळा चालू

साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले तशा दोरीवाल्या काकूंनी लगबगीने कपात चहा ओतला. कप घड्याळवाल्याच्या टेबलावर, त्याचा चष्मा शेजारी उघडून ठेवलेला. स्टूल जरा तिरकं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं.

"आहेत का मालक?" साहेब लांबूनच ओरडले. बाजाराची तपासणी त्यांच्याकडे होती आणि हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं.

"आत्ताच गेले बघा, हात धुवायला," काकू म्हणाल्या.

समोरचा धारवाला मान खाली घालून सुरी चाकावर धरून बसला. खोटं बोलायचं काम काकूंचं, हसू दाबायचं त्याचं.

घड्याळवाल्याला जाऊन सात महिने झाले होते.

दगडी कमानीखालचा हा बाजार दीडशे वर्षांचा. पहिल्या पंचांनी कमानीवर नियम कोरून ठेवला होता: गाळ्यावर मालक नाहीतर घरातला शिकलेला कारागीर बसला पाहिजे, महिनाभर गाळा रिकामा राहिला तर बाजाराने काढून घ्यावा. गाळे नुसते अडवून ठेवणाऱ्यांना चाप बसावा म्हणून केलेला नियम. आता त्याच नियमाने जुने धंदे एकेक करून उठले होते आणि त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. कव्हरवाल्याचा डोळा या गाळ्यावरही होता.

घड्याळवाल्याची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात हेच काम शिकत होती. बाप गेला तेव्हा ती सगळं सोडून यायला निघाली होती. काकूंनी तिला दटावलं. "अर्धवट शिकून लोकांची घड्याळं बिघडवणार का? शिकल्याचा कागद हातात घेऊनच ये. गाळ्याचं आम्ही बघतो." बोलून बसल्या खऱ्या, पण तेव्हापासून तपासणीच्या दिवशी त्या सकाळपासून गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून बसायच्या.

साहेबांनी खिशातून साखळीचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बंद पडलंय. मालकांना दाखवा." मग वहीत लिहिलं, काम हातात आहे, गाळा चालू.

"परीक्षा बघतोय मेला," ते गेल्यावर काकू पुटपुटल्या. दर महिन्याला हेच.

धारवाला घड्याळ घेऊन पुलापलीकडच्या दुकानात गेला. तिथला कारागीर नेहमीसारखा हसला. "अहो, काही झालेलं नाही याला. नुसती चावी द्यायची राहिलीये. उघडायचीसुद्धा गरज नाही."

"एवढा मोठा साहेब, आणि चावी द्यायला विसरतो!" धारवाल्याने परत येऊन सांगितलं.

"आपला माणूस असता तर त्याने उघडलंच असतं," काकू म्हणाल्या. घड्याळवाला दुरुस्तीनंतर मागच्या झाकणाच्या आत सुईने तारीख कोरायचा. सोबत एखादा शेरा: पाण्यात पडलं; मालक वेंधळा. दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस, पण घड्याळांच्या पोटात मन मोकळं करायचा. काकूंना त्याची फार आठवण यायची.

पुढच्या महिन्यात कव्हरवाला साहेबांना अवचित घेऊनच आला. "बघा! इथे कोणी बसतच नाही."

काकू हातातली दोरी टाकून धावत आल्या. टेबलावरचा चहा सकाळचा होता, वर साय धरलेली. साहेबांनी कपाला बोट लावलं.

"गरम आहे," ते कव्हरवाल्याला म्हणाले. "मालक इथेच कुठेतरी असतील. तुम्ही तुमचं दुकान सांभाळा."

"वय झालं साहेबाचं," रात्री काकूंनी घरी नवऱ्याला सांगितलं. "गरम की गार तेही कळेना. देवच पावला म्हणायचा."

आणखी तीन महिन्यांनी मुलगी परत आली. बापाच्या स्टुलावर बसली तेव्हा काकूंनी तोंडाला पदर लावला आणि पोटभर रडून घेतलं.

त्या दिवशी साहेब ओरडत आले नाहीत. टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मी मुलगी त्यांची," ती म्हणाली. "बाबा..."

"कागद?"

तिने पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, वहीत तिचं नाव लिहिलं आणि साखळीचं घड्याळ टेबलावर ठेवलं. "बंद पडलंय," म्हणाले आणि निघून गेले.

"चावी दे आणि ठेव बाजूला," काकू डोळे पुसत हसल्या. "त्याला काही होत नाही."

पण ती बापाची लेक. तिने भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण उघडलं. आत बापाचं बारीक अक्षर होतं. तारीख तो जाण्याच्या आदल्या आठवड्यातली. खाली कोरलं होतं:

'साहेब, माझं आता काही खरं नाही. पोरगी शिकून येईपर्यंत गाळा चालू दाखवा.'